पलूसची इंजिनिअर मुलगी आणि शस्त्रप्रसार रोखण्याचं काम

पलूसहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वडील किर्लोस्करवाडीजवळ पंपांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात. एक ऑनलाइन व्याख्यान ऐकल्यापासून मुलगी म्हणते, अण्वस्त्रं आणि रासायनिक शस्त्रांचा प्रसार, त्याभोवतीचे ‘हायब्रिड’ धोके हे सगळं रोखायला जे लोक इतर देशांना मदत करतात, त्यांच्यात मला जायचंय. आईंचे प्रश्न तीन: अशी नोकरी खरंच असते का, त्यासाठी इंजिनिअरिंग सोडून राज्यशास्त्र घ्यावं का, आणि दिल्लीला क्लास लावावा का.

ताई, इंजिनिअरिंग सोडायचं नाही, हे आधी सांगतो. या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकलेले पुष्कळ आहेत. ड्रॉइंग हातात दिलं तर वाचता येईल, असे थोडे.

आता काम काय ते. ऑक्टोबर 2003 मध्ये लिबियाकडे निघालेलं ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीच्या बंदरात वळवलं गेलं आणि त्यात युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. माल पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या चोरट्या व्यापाराच्या जाळ्यातला. घडवला मलेशियातल्या एका कारखान्यात, पाठवला दुबईमार्गे. हे भाग कशासाठी आहेत ते आम्हाला माहीत नव्हतं, असं कारखान्याचं म्हणणं. जिथे कायदा ढिला तिथून माल निघतो, हे त्यातून उघड झालं. एप्रिल 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1540 केला. प्रत्येक देशाने अशा मालावर नियंत्रण ठेवणारे कायदे करून राबवावेत आणि ज्यांना जमत नाही त्यांना इतरांनी मदत करावी, असं त्यात आहे. कायद्याचा मसुदा, नियंत्रित मालाची यादी, परवाना देणाऱ्यांचं आणि कस्टम्सवाल्यांचं प्रशिक्षण, कारखानदारांना समजावणं, असं या मदतीचं स्वरूप. भारताचा स्वतःचा कायदा 2005 चा. 2022 च्या दुरुस्तीने अशा व्यवहारांना पैसा पुरवणंही त्याखाली आलं.

हायब्रिड म्हणजे एकाच वेळी अनेक वाटांनी येणारा आणि एकेका वाटेवर किरकोळ वाटणारा धोका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये सुमारे 94 कोटी रुपये सायबर हल्ल्यात गेले. तो हल्ला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने उत्तर कोरियाशी जोडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हेगला रासायनिक शस्त्रबंदी संस्थेच्या इमारतीशेजारी, गाडीच्या डिकीत वायफायमध्ये शिरायची साधनं घेऊन आलेल्या चार रशियन अधिकाऱ्यांना डच सरकारने देशाबाहेर काढलं. रशियाने आरोप नाकारला. बँकवाला पैशापुरतं बघतो, कस्टम्सवाला मालापुरतं, सायबरवाला सर्व्हरपुरतं. तिघांना एका टेबलावर बसवून बनावट कागदपत्रांचा एकच कल्पित व्यवहार सोडवायला लावणं हा या प्रशिक्षणाचा गाभा असतो.

तुमच्याच भागातला पंप घ्या. कस्टम्सच्या 8413 या शीर्षाखाली द्रवाचे सगळे पंप येतात, उसाला पाणी देणारा आणि रासायनिक कारखान्यातलाही. नियंत्रण यादी मात्र या कोडवर चालत नाही. रासायनिक आणि जैविक शस्त्रांना उपयोगी पडणाऱ्या मालावर नियंत्रण ठेवणारा ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाचा देशांचा गट आहे, भारत त्यात जानेवारी 2018 मध्ये गेला. त्याच्या यादीप्रमाणे पंप एकापेक्षा जास्त सीलचा (सील म्हणजे गळती रोखणारा भाग) किंवा सीललेस, म्हणजे मुळात सीलच न लागणारा, हवा, कमाल प्रवाह ताशी 0.6 घनमीटरच्या वर हवा, आणि द्रवाचा स्पर्श होणारे सगळे पृष्ठभाग ठराविक पदार्थांचे हवेत: निकेल 25 टक्क्यांहून आणि क्रोमियम 20 टक्क्यांहून जास्त असलेला मिश्रधातू, किंवा 40 टक्क्यांहून जास्त निकेलचा मिश्रधातू, फ्लुरोपॉलिमर (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक), काच, टायटॅनियम, टँटलम वगैरे. हे सगळं एकत्र जुळलं तरच तो नियंत्रित. ताशी 600 लिटर तर घरच्या टाकीवरचा पंपही देतो, म्हणजे प्रवाहावरून काही कळत नाही. साधं 316 स्टेनलेस स्टीलही यात बसत नाही, कारण त्यात निकेल साधारण 10 ते 14 टक्केच.

चूक होते ती अस्तराच्या पंपात. बाहेरून बीड म्हणजे ओतीव लोखंड, बिलावरही तेच, आणि आत फ्लुरोपॉलिमरचं अस्तर. बिल वाचणारा सोडून देतो. छेदचित्र वाचणारी मुलगी अडवते. फेब्रुवारी 2020 मध्ये कराचीकडे जाणाऱ्या जहाजावर कांडला बंदरात ‘इंडस्ट्रियल ड्रायर’ म्हणून नोंदवलेलं यंत्र अडवलं गेलं. क्षेपणास्त्रांच्या कामी येऊ शकणारा तो ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी बंद भट्टी आहे, हे ठरवायला तज्ज्ञ बोलवावे लागले.

आपल्या देशाच्या नियंत्रण यादीला स्कोमेट म्हणतात. बहुतेक परवाने विदेश व्यापार महासंचालनालय देतं. शून्य क्रमांकाच्या अणुविषयक प्रकाराचे अणुऊर्जा विभाग, सहाव्या प्रकाराचे, म्हणजे लष्करी सामग्रीचे, संरक्षण उत्पादन विभाग. अर्जासोबत अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि घोळ बहुधा तिथेच असतो: पत्ता मालवाहतूक एजंटचा, यंत्र बसवून द्यायला नकार, गरजेपेक्षा फार वरचं स्पेसिफिकेशन. आणखी एक, नियंत्रित ड्रॉइंग परदेशी ईमेल करणं हीसुद्धा निर्यातच.

दुसऱ्या देशात हे शिकवताना काय फसतं, तेही मुलीला माहीत असू दे. मोठ्या देशाची शेकडो पानांची यादी जशीच्या तशी उचलली जाते आणि ती वाचणारं कुणी नसतं. शिकवलेल्या अधिकाऱ्याची बदली होते. पैसा बहुतेक वेळा परदेशी सरकारांचा, प्रकल्प मुदतीचे. तिकडे धोरण बदललं की करार संपतो. म्हणून पंचविशीत थेट सल्लागार व्हायचा हट्ट नको. आधी हातात एक पक्की नोकरी हवी.

वाट मी अशी सुचवेन. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिने एका पंपमालिकेचं स्कोमेट वर्गीकरण करावं: भागांची यादी, द्रवाचा स्पर्श होणारा प्रत्येक भाग, त्याचा पदार्थ, सीलची रचना, मग यादीतली नोंद आणि निष्कर्षाचं कारण. मुलाखतीत हे पानभर काम प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलतं. पुढची दोन-तीन वर्षं कुपवाड, मिरज किंवा पुण्याकडच्या निर्यातदार कंपनीत. निर्यात कागदपत्रं किंवा अनुपालन (नियम पाळले जातात का ते बघणारा) विभाग मिळाला तर उत्तम, नाहीतर क्वालिटीही चालेल.

सरकारी बाजूने यूपीएससीतून कस्टम्सची महसूल सेवा आणि भारतीय व्यापार सेवा, एसएससी सीजीएलमधून एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर. या निरीक्षक पदांना शारीरिक पात्रता असते, ती जाहिरातीत आधी बघा. क्लासचा विचार या परीक्षांपुरता करा. शस्त्रप्रसारबंदीचा म्हणून दिल्लीत क्लास लावू नका.

एम.ए. काय, पुढेही करता येतं. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, जेएनयूत निःशस्त्रीकरणाचं केंद्र. अणुविषयक पदव्युत्तर शिक्षणाकडे वळली, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिप मुलींसाठीच आहे. तीत शुल्काला आणि राहण्याच्या खर्चाला मदत मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप मात्र बिनपगारी. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हाचा खर्च घरातून जाणार, हे धरून ठरवा.

ती लिंक्डइनवर असेलच. उत्तर कोरियाशी जोडलेल्या हॅकर गटांनी संरक्षण आणि विमान उद्योगातल्या इंजिनिअरांना खोट्या नोकऱ्यांच्या ऑफर पाठवून संगणकांत शिरकाव केला आहे. भरती करणारा म्हणवणाऱ्याने फाइल उघडायला किंवा ‘चाचणी’ म्हणून प्रोग्रॅम चालवायला सांगितलं, तर तो कॉलेजच्या किंवा कंपनीच्या संगणकावर उघडायचा नाही. आधी त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून चौकशी.

प्रकल्पासाठी वडिलांच्या कारखान्यातली ड्रॉइंग वापरायची असतील तर मालकांची लेखी परवानगी घ्या. बरीच ड्रॉइंग त्यांची नसतात, पंप कंपनीची असतात, तेव्हा तिचीही लागेल. आणि स्कोमेट यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून ताजी उतरवा. ती वेळोवेळी बदलते, जुन्या पीडीएफवर केलेलं वर्गीकरण परीक्षक पहिल्याच प्रश्नात पाडतील.