लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. घरी काय तपासता येईल?

लगेच स्क्रीन बदलायला धावू नका. आधी खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा. लॉगिनची चौकट किंवा आयकॉन पुसट दिसले, तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. मग ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबून बघा.

काहीच दिसत नसेल, तर चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग परत चालू करा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवायला लागणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो, तेही करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा आणि विंडोज + पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. टीव्हीवर चित्र नीट आलं, तर दोष बहुधा पॅनेलमध्ये, म्हणजे खुद्द स्क्रीनमध्ये, किंवा बिजागरातून वर जाणाऱ्या केबलमध्ये आहे. झाकण हळूहळू मागेपुढे करा. एखाद्या ठराविक कोनात चित्र येत-जात असेल, तर मला केबलचाच संशय जास्त येतो, आणि ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते. दुरुस्तीला देताना हे आवर्जून सांगा, नाहीतर सरसकट पॅनेल बदलायचा खर्च गळ्यात पडतो. त्याआधी टीव्हीवर बघत महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

टीव्हीवरही अंधारच असेल, तर दोष रॅममध्ये किंवा मदरबोर्डात (आतल्या मुख्य सर्किटमध्ये) असू शकतो. वॉरंटी चालू असेल, तर स्वतः खोलू नका.