मोटारसायकलवर इंधनाचे स्टिकर नसल्याबद्दल आलेले चलन

तुमचा प्रश्न असा आहे की, गाड्यांच्या काचेवर दिसणारे, इंधनाचा प्रकार दाखवणारे रंगीत नोंदणी स्टिकर मोटारसायकलवरही लावावे लागते का, आणि ते नसल्यामुळे चलन आल्यास काय करावे. ते लावावे लागत नाही. निळ्या किंवा नारिंगी रंगाचे ते स्टिकर समोरच्या काचेच्या आतील बाजूस चिकटवायचे असते, त्यामुळे काच नसलेल्या दुचाकीला ते लागूच होत नाही. दुचाकीला पुढची आणि मागची अशा दोन उच्च सुरक्षा क्रमांक पाट्या (एचएसआरपी) मात्र अनिवार्य आहेत. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक ही खरी पाटी ओळखण्याची खूण. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती मालकानेच बसवून घ्यायची आहे.

महाराष्ट्रात चलन आले असेल तर घाईने दंड भरू नये, कारण एकदा भरल्यावर तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. आधी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर जाऊन कलम आणि छायाचित्र नीट पाहावे. कित्येकदा छायाचित्रातली गाडी वेगळ्याच कंपनीची किंवा रंगाची निघते, म्हणजे क्रमांक चुकीचा वाचलेला असतो किंवा कोणी तो बनावट लावलेला असतो. अशा वेळी नोंदणी प्रमाणपत्र आणि आपल्या गाडीचे पाटीसह छायाचित्र जोडून तिथेच तक्रार नोंदवावी. बनावट क्रमांकाची शंका असल्यास पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच आवर्जून घ्यावी.