निवृत्त जोडीदाराचा व्हिसा: आधार नात्याचा की पैशाचा?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. घरातले एक माणूस परदेशी जात आहे किंवा आधीच तिथे आहे आणि निवृत्त जोडीदाराला नेमका कोणता व्हिसा काढावा, हे समजत नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत. रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आकडाच धरावा.

प्रश्न : पत्नीला परदेशात नोकरी लागली आहे. मी ६१ वर्षांचा असून मला पेन्शन मिळते. तिच्याबरोबर आश्रित म्हणून जावे की निवृत्तांचा व्हिसा स्वतःच्या नावावर काढावा?

उत्तर : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांपैकी एखादा असेल तर निवृत्तांच्या व्हिसाचा पर्यायच नाही. अमेरिका आणि कॅनडात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. ब्रिटनने तो २००८ साली बंद केला आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ पासून नवे अर्ज घेणे थांबवले. तिथे नात्याच्या आधारानेच जावे लागते. स्पेन, पोर्तुगाल, थायलंड अशा देशांत मात्र दोन्ही वाटा खुल्या असतात आणि खरी निवड तिथे करायची असते.

आश्रिताच्या व्हिसासाठी बहुधा तुमचे स्वतःचे उत्पन्न दाखवावे लागत नाही आणि अनेक ठिकाणी कामाचीही मुभा असते. जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला एरवी लागणारी जर्मन भाषेची परीक्षासुद्धा माफ आहे. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला काम करता येते. मात्र आधी हे पाहा की पत्नीच्या हुद्द्यावर जोडीदार नेण्याची परवानगी आहे का. ब्रिटनमध्ये केअर वर्करना (आजारी-वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना) २०२४ पासून ती नाही. शिवाय तिथे सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार माणशी वर्षाला १०३५ पौंड आहे आणि तो पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. तीन वर्षांच्या व्हिसाला ३१०५ पौंड झाले. व्हिसाची फी त्याहून वेगळी.

आश्रिताच्या व्हिसाची खरी उणीव अशी की मुख्य व्हिसा गेला की तोही जातो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची नोकरी सुटली तर दोघांनाही जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. निवृत्तांचा व्हिसा तुमच्या पेन्शनवर उभा असतो, त्यामुळे पत्नीच्या नोकरीचे काहीही झाले तरी तो टिकतो. त्याची किंमत म्हणजे कामावर बंदी. घरी बसून जुन्या कंपनीला सल्ला देणे हेसुद्धा कामच धरले जाऊ शकते, म्हणून तसा विचार असेल तर अर्जापूर्वीच त्याचा खुलासा करून घ्या.

आमचे मत सांगतो. नोकरी पक्की असेल आणि त्या देशात पुढे कायम वास्तव्याचा मार्ग असेल तर आश्रित म्हणून जा. करार दोन-तीन वर्षांचाच असेल, त्यानंतरही तिथेच राहायचे असेल आणि पेन्शन पुरेशी असेल, तर सुरुवातीपासून स्वतःच्या नावाचा परवाना बरा. नंतर देशात राहून एका प्रकारातून दुसऱ्यात जाता येते का, हे मात्र सही करण्याआधी विचारा. अनेक ठिकाणी त्यासाठी बाहेर पडून नव्याने अर्ज करावा लागतो.

प्रश्न : आधी पर्यटक व्हिसावर जाऊन मग तिथेच बदलून घ्यावा, असे ओळखीचे सुचवतात. चालेल का?

उत्तर : बहुतेक देशांत नाही. थायलंडमध्ये अटी पाळून असा बदल करता येतो, म्हणून हा सल्ला तोंडोतोंडी पसरला आहे. स्पेनचा कमाई-विरहित व्हिसा (काम न करता पेन्शन किंवा बचतीवर राहण्याचा) मात्र अर्जदार जिथे कायदेशीर राहतो तिथल्या स्पॅनिश वकिलातीतूनच मिळतो. शेंगेन क्षेत्रात (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) व्हिसाविना किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येते, आणि एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याने ही मोजणी पुन्हा सुरू होत नाही. अमेरिकेत कायम राहण्याचा बेत मनात ठेवून पर्यटक म्हणून शिरणे हे खोटे निवेदन ठरू शकते आणि त्यामुळे पुढचे सगळे अर्ज अडू शकतात. चार-पाच महिने वाचवण्यासाठी एवढी जोखीम कृपा करून घेऊ नका.

प्रश्न : माझी पेन्शन, घरभाडे आणि ठेवी मिळून उत्पन्न पुरेसे वाटते. तरी अर्ज नाकारला गेला. चूक कुठे झाली असावी?

उत्तर : एकूण पैसा किती, यापेक्षा कोणता पैसा धरला जातो हे महत्त्वाचे. बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

स्पेनच्या कमाई-विरहित व्हिसाची अट इप्रेम या सरकारी उत्पन्न-निर्देशांकावर चालते. २०२५ साली तो महिना ६०० युरो होता. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट म्हणजे २४०० आणि सोबतच्या प्रत्येकाला आणखी ६०० लागतात. म्हणजे जोडप्याला महिना ३०००, वर्षाला ३६,००० युरो. पहिला परवाना एक वर्षाचा आणि नूतनीकरण दोन वर्षांचे असते. त्या वेळी दोन वर्षांची तजवीज दाखवावी लागते. नेमके हेच लोक विसरतात.

पोर्तुगालचा डी-७ हा निवृत्तांना चालणारा व्हिसा तिथल्या किमान वेतनाशी बांधलेला आहे. २०२५ साली ते ८७० युरो होते. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे म्हणजे ४३५ धरून एकूण १३०५ होतात. इथे पेन्शन, भाडे, लाभांश असे बसल्या जागी येणारे उत्पन्न हवे. नोकरीचा पगार दाखवला तर अर्ज चुकीच्या रांगेत गेला असे समजा. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी डी-८ वेगळा आहे आणि त्याची अट किमान वेतनाच्या चौपट आहे.

थायलंडमध्ये वय ५० पूर्ण हवे, आणि बँकेत आठ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न. एक वर्षाची मुदतवाढ घेताना ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने थाई बँकेत असावी लागते. मंजुरीनंतर तीन महिने ती तशीच राहू द्यायची आणि त्यानंतरही चार लाखांखाली उतरू द्यायची नाही. आजारपणात किंवा घरासाठी पैसे काढले आणि पुढच्या वर्षी मुदतवाढ नाकारली गेली, असे होते. खर्चाचे खाते वेगळे ठेवा.

ब्रिटनमध्ये तिथल्या नागरिकाचा किंवा कायम रहिवाशाचा जोडीदार म्हणून जाताना वर्षाला २९,००० पौंड लागतात. अर्जदाराचा परदेशातला पगार धरत नाहीत, पण परदेशी पेन्शन धरतात. ती अर्जाआधी किमान २८ दिवस सुरू झालेली हवी. फक्त बचतीवर जायचे तर ८८,५०० पौंड सहा महिने हाताशी असले पाहिजेत. घराची किंमत धरत नाहीत, घर विकून आलेले पैसे धरतात.

सगळीकडे सारखी घडणारी चूक म्हणजे अर्जाच्या आदल्या महिन्यात मुलाकडून मोठी रक्कम खात्यात भरून घेणे. बँक स्टेटमेंटवर ती लगेच दिसते आणि शंका येते. देणगी असेल तर तसे पत्र आणि देणाऱ्याच्या खात्याचा उतारा जोडा.

प्रश्न : आम्ही लग्न केलेले नाही, पण बरीच वर्षे एकत्र राहतो. जोडीदार म्हणून मान्यता मिळेल का?

उत्तर : देशावर अवलंबून आहे. कॅनडा किमान सलग १२ महिने एकत्र राहिलेल्यांना मान्यता देतो. ब्रिटनला दोन वर्षांचे लग्नासारखे नाते लागते. अमेरिका कायमच्या व्हिसासाठी लग्नच मागते. वाग्दत्त जोडीदार म्हणून गेल्यास ९० दिवसांत लग्न करावे लागते. उतारवयात नुकतेच लग्न केलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की अमेरिकेत प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीनकार्ड (कायम वास्तव्याचे कार्ड) सशर्त, दोन वर्षांचे मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज द्यायचा असतो. पुरावा म्हणून फोटोंपेक्षा एकाच पत्त्यावरची बिले, संयुक्त खाते आणि विम्यातले वारस म्हणून नाव हे जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : पती ७२ वर्षांचे आहेत. प्रवास विमा जोडला तर नाकारला. आता?

उत्तर : प्रवास विमा निवासाच्या व्हिसाला बहुधा चालत नाही. स्पेनला तिथे व्यवसायाची परवानगी असलेल्या कंपनीचा, रुग्णाने स्वतः काही हिस्सा न भरण्याचा, पूर्ण संरक्षणाचा विमा हवा. सत्तरीनंतर नवा ग्राहक घेणाऱ्या कंपन्या कमी असतात आणि आधीच्या आजारांना वगळणारी कलमे वकिलातीला खटकतात. म्हणून देश पक्का करण्याआधी विमा मिळतो का ते पाहा. त्या वयात देशाची निवड बऱ्याचदा विमाच करतो. आईवडिलांना किंवा आजी-आजोबांना मुलांकडे, नातवंडांकडे जायचे असेल तर कॅनडाचा सुपर व्हिसा आहे. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो.

प्रश्न : कागदपत्रे जुनी आणि अपुरी म्हणून फाइल परत आली. योग्य क्रम कोणता?

उत्तर : आधी दाखल्याची नवी प्रत, मग ॲपॉस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकार मारते तो शिक्का) आणि शेवटी अधिकृत भाषांतर. भाषांतर आधी केले तर ॲपॉस्टिलचा शिक्का भाषांतराविना राहतो आणि फाइल परत येते. पोलिसांचा दाखला सर्वांत शेवटी काढा, कारण तो तीन ते सहा महिनेच ग्राह्य धरतात. लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांवरची नावे अक्षरशः जुळत नसतील तर दुरुस्ती अर्जापूर्वी करून घ्या.

प्रश्न : परवाना मिळाल्यावर वर्षातले सात-आठ महिने मायदेशी राहिलो तर?

उत्तर : परवाना धोक्यात येईल. पोर्तुगालचा तात्पुरता परवाना सलग सहा महिने किंवा एकूण आठ महिने बाहेर राहिल्यास रद्द होऊ शकतो. अमेरिकेच्या ग्रीनकार्डधारकाने वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर निघण्यापूर्वीच पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज द्यावा. दुसऱ्या बाजूला, वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिलात की बहुतेक देश तुम्हाला कर-रहिवासी मानतात आणि पेन्शनचा हिशेब मागतात. परदेशी पेन्शनवर १० टक्केच कर घेणारी पोर्तुगालची जुनी सवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद आहे, तरी ती अजून जाहिरातींत दिसते. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला नवा पत्ता कळवा आणि हयातीचा दाखला परदेशातून कसा पाठवायचा हे निघण्यापूर्वी लेखी विचारून ठेवा. पेन्शन एक महिना थांबली तरी नूतनीकरणाच्या स्टेटमेंटमध्ये तो महिना रिकामा दिसतो.