कुबुंटूवर लिब्रेऑफिस परकं वाटतं आणि मराठी-गुजराती पत्रकं विस्कटतात, परत विंडोजवर जावं का?

नका जाऊ. तुम्ही लिहिलंय की बडोद्यातल्या तुमच्या मंडळाच्या जुन्या संगणकावर कुबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे, लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखा मोफत संच) फाइल उघडायची खिडकी भलतीच येते आणि विंडोजवर केलेली पत्रकं बिघडतात. मी दांडिया बाजारात टायपिंगची कामं घेतो, तीही लिनक्सवरच. एकाच पानावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी हे माझं रोजचं आहे, त्यामुळे तुमची अडचण चांगलीच ओळखीची आहे.

आधी खिडकीचं बघू. लिब्रेऑफिस स्वतःची बटणं, मेनू डेस्कटॉपकडून मागून घेतं, आणि त्यासाठी मधला दुवा म्हणून एक छोटं पॅकेज लागतं. कुबुंटूचा डेस्कटॉप म्हणजे प्लाझ्मा; प्लाझ्मा ५ असेल तर लिब्रेऑफिस-केएफ५, प्लाझ्मा ६ असेल तर केएफ६. लिब्रेऑफिसमधलं नुसतं रायटर (लेखनाचं) आणि कॅल्क (हिशेबाचं) निवडून टाकलं की हे मागे राहतं. हेल्पमधलं अबाउट उघडा; तिथे ‘VCL’ या शब्दापुढे ‘x11’ दिसलं तर दुवा नाही असं समजा. पॅकेज टाकून लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलंत की नेहमीची, कुबुंटूच्या डॉल्फिन या फाइल बघायच्या प्रोग्रामसारखी खिडकी येईल.

आता फॉन्ट, खरी मेख इथेच आहे. पत्रक उघडून मराठी ओळीत कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव बघा. ते तिरप्या अक्षरात दिसलं तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही, दुसराच वापरला जातोय. मागे एका काकूंनी हळदीकुंकवाचं निमंत्रण आणलं होतं, विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये केलेलं. माझ्याकडे मंगल नाही, त्याच्या ओळी उंच असतात. त्याच्या जागी आलेल्या लोहित फॉन्टमध्ये तोच मजकूर आक्रसला आणि खालची चौकट वर सरकली. फाइलमध्ये नाव मात्र मंगलचंच राहतं, म्हणून त्यांच्या घरी ती पुन्हा नीट दिसली. छापायला देताना पीडीएफच द्या, हे माझं ठाम मत. इंग्रजी मजकुराला ही अडचण कमी: कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो टाका, अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे ओळी हलत नाहीत.

जुनी पत्रकं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर ती युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली आहेत. ती कन्व्हर्टरमधून काढावी लागतील, मग ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा.

आपल्या गावात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लिब्रेऑफिस देवनागरी आणि गुजराती दोन्ही ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ या एकाच खणात टाकतं, आणि त्या खणाला फॉन्ट एक, भाषाही एक. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन तो खण चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात. फॉन्टमध्ये मराठी आकार असतील तर ते भाषा बघूनच निवडले जातात. गुजरातीसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल (फॉन्ट आणि भाषा ठरवून ठेवलेला अक्षरांचा नमुना) करा. मी मराठीला मुक्ता आणि गुजरातीला मुक्ता वाणी लावतो. दोन्ही एकाच घराण्यातले, त्यामुळे आरतीच्या वेळा वरती मराठीत आणि खाली गुजरातीत छापल्या तरी पान एकाच हातचं दिसतं. ही स्टाइल एकदा टेम्प्लेटमध्ये ठेवलीत की गणपतीच्या गडबडीत पुन्हा हात लावावा लागत नाही.