आडरानात गाडीच्या बॅटऱ्यांवर वेल्डिंग होतं का? गाडीला काही होत नाही ना, आणि जोड टिकतो का?

होतं. नीट केलं तर टिकतंही. "हे वेल्डिंग नव्हे, जुगाड आहे" हे वाक्य मी घरातच इतकी वर्षं ऐकतोय की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

इंदूरला सांवेर रोडवर आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. शेडचं सामान घेऊन अलिराजपूरच्या पुढे, सोंडव्याकडच्या डोंगरात निघालो होतो. बरोबर भाऊजी होते. ते पीथमपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहेत, दिवसभर जोडांवर गेज लावून पास-नापास करतात. नर्मदेच्या बाजूला उतरताना पिकअपच्या मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे पाट्या गाडीला धरून ठेवणारा ब्रॅकेट, चिरला आणि बॉडी टायरवर टेकली. मोबाईलला रेंज नाही, सगळ्यात जवळचं फळियं, म्हणजे वस्ती, डोंगराच्या पलीकडे. भाऊजींचं म्हणणं, माल उतरवा, दोर बांधा, हळूहळू परत फिरू. मी साफ नाही म्हटलं. दोराने बांधलेल्या पाट्यांवर घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

होल्डर, काळी काच आणि बारा नंबर जाडीचे वेल्डिंगचे रॉड माझ्या पेटीत कायम असतात. एक बॅटरी आमची, एक मागून आलेल्या तूफान जीपवाल्याने दिली, तिसरी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची. आधी दोनच सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोडल्या, म्हणजे २४ व्होल्ट. आर्कलाच, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्योतीलाच, वीस-बावीस व्होल्ट लागतात, वर काही उरत नाही, त्यामुळे रॉड सारखा चिकटत होता. तिसरी जोडली, ३६ व्होल्ट झाले आणि काम सुरू झालं. दुकानातलं मशीन रॉड टेकण्याआधी साठ-सत्तर व्होल्ट देतं, म्हणून तिथे आर्क पटकन धरतो. इथे रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढावा लागतो. चिकटला की तो थेट शॉर्ट असतो, शेकडो अँपिअर वाहतात. लगेच मुरगळून सोडवायचा, नाही सुटला तर होल्डरमधून मोकळा करायचा.

वेळ गेला तो तयारीतच. चिरेच्या दोन्ही बाजू कानशीने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासल्या, छिन्नीने चिरेला व्ही पाडला, जॅक लावून हँगर जागेवर आणला. मग छोटे छोटे टाके मारले आणि प्रत्येक टाक्यानंतर वर जमलेली पपडी (स्लॅग) झाडून पुढचा. बॅटरीचा डीसी आर्क एकदा धरला की इतका शांत चालतो की जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरची खरखर आठवून राग येतो. शेवटच्या टाक्याची पपडी आपोआप उचलून आली. हे चांगल्या जोडाचं लक्षण. त्याच जोडावर माल पोचला आणि गाडी इंदूरला आली.

नंतर सियागंजातून नवा हँगर आणून बसवला, कारण तसंच करायला हवं. पण जुना फेकला नाही, भाऊजींसमोर आडवा कापला. आत कुठे पोकळी नाही, पपडी अडकलेली नाही. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "नशीब." नशिबाने मुळापर्यंत लोखंड वितळत नाही! ते करंटने, कोरड्या रॉडने आणि साफ केलेल्या चिरेने वितळतं. आणि बॅटरीला हसणाऱ्यांनी एवढं तरी ठाऊक करून घ्यावं की आर्क वेल्डिंगची सुरुवातच तिच्यापासून आहे. १८८१ साली फ्रान्समध्ये द मेरितांने आर्कने जोडल्या त्या बॅटरीच्याच शिशाच्या प्लेटा. त्याच दशकात रशियाचा बेनार्दोस कार्बनच्या आर्कने लोखंड जोडत होता, तेव्हा त्याला करंट साठवणीच्या बॅटऱ्याच पुरवत होत्या.

आता गाडीला काय होतं ते. बॅटऱ्या गाडीतून काढून खाली ठेवल्या तर गाडीला काही होत नाही. "इंजिन चालू ठेव, करंट भरून येईल" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर सुटली की आल्टरनेटरचे डायोड उडतात, नव्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जातो. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

बॅटऱ्या केबल पुरेल तितक्या लांब ठेवा. जोराने करंट काढताना आणि चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने फुटतो. म्हणून शेवटची जोडणी टर्मिनलवर कधीच करायची नाही. जंप स्टार्टच्या बारीक वायरी वितळतात, जाड केबलच हवी. तिन्ही बॅटऱ्या साधारण सारख्या घ्या, एक मेलेली असली तर तीच उकळते. सीलबंद जेलच्या किंवा लिथियमच्या बॅटरीवर हे करू नका. रॉड साधा ६०१३ प्रकारचा घ्या, ७०१८ प्रकारचा इतक्या कमी व्होल्टला नीट पेटत नाही.

पाट्याला स्वतःला वेल्डिंग करू नका, ते स्प्रिंगचं पोलाद आहे, टाक्याच्या शेजारीच तडकतं. स्टीअरिंगला आणि ब्रेकला तर नाहीच. डिझेलची टाकी जवळ असेल तर आधी ती हलवा, सीएनजी गाडी असेल तर विसरा. हे काम वरचेवर पडत असेल तर जनरेटर आणि छोटं इन्व्हर्टर मशीनच घ्या.

एक रॉड मिनिटभरात जळतो. चार-पाच झाले की थांबा, बॅटऱ्या हाताला गरम लागत असतील तर आधीच थांबा. तिघांपैकी एका तरी गाडीचा स्टार्टर फिरेल इतका करंट ठेवा, बाकीच्या दोन गाड्या तिच्यावरून सुरू होतात.