गुरांच्या मिनरल मिक्श्चरच्या छोट्या युनिटसाठी रिबन ब्लेंडर घेऊ की डबल कोन? ३०० किलोची बॅच आहे, किती मिनिटं फिरवलं की माल एकसारखा मिक्स होतो?

रिबन घ्या, म्हणजे आडव्या कुंडात पिळाची पट्टी फिरते तो. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडीची पावडर, मॅग्नेशियम ऑक्साइड असल्या मालाला रिबन पुरतो. डबल कोन म्हणजे दोन शंकू तोंडाला तोंड जोडलेला ड्रम, तो अख्खा गरागरा फिरतो, त्याला वर मोकळी जागा लागते, पुढे गार्ड लावायला लागतं आणि तुमच्या शेडची उंची तुम्ही लिहिलेलीच नाही. झालं उत्तर.

पण प्रश्नाचा दुसरा भाग, "किती मिनिटं फिरवलं की", तो वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला. कारण ह्याच वाक्यापायी मला एकदा मेमो मिळालाय, आणि तो मी अजून जपून ठेवलाय.

मी गोळ्यांच्या लाइनमधला माणूस, गुरांच्या खाद्यातला नाही, पण पावडर ती पावडर. तेव्हा गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत प्रोडक्शन ऑफिसर होतो, नाव घेत नाही. गोळी १५० मिलिग्रॅमची आणि त्यात औषध फक्त २ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर मालात औषध जेमतेम १३ ग्रॅम. औषध मायक्रोनाइज केलेलं, मैद्याहून बारीक, आणि बाकीचा लॅक्टोज दाणेदार, बोटात धरला तर जाड रव्यासारखा. मैदा आणि रवा एकत्र करून त्याची गोळी दाबायची, मध्ये ओलं ग्रॅन्युलेशन वगैरे काही नाही, डायरेक्ट कॉम्प्रेशन. बॅच योगायोगाने तुमच्याइतकीच, ३०० किलो. वीस लाख गोळ्या.

डबल कोन ब्लेंडर वरच्या मजल्यावर, खाली स्लॅबला भोक, त्यातून दहा फुटी स्टीलचा पाइप, खाली बिन (माल साठवायचा मोठा डबा) लावायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा. बिन भरला की ढकलत कॉम्प्रेशनला. छान सोपी व्यवस्था, ऑडिटरला दाखवायला पण बरी दिसायची.

तर ब्लेंडरमधले दहा जागचे सॅम्पल मस्त पास व्हायचे. आरएसडी, म्हणजे सॅम्पलासॅम्पलांतला फरक टक्क्यांत, दोनच्या आत, लिमिट पाचची. आणि गोळ्या फेल. सगळ्या नाही, बॅचच्या शेवटच्या डब्यांतल्या. तिथे औषध ठरलेल्या मात्रेच्या ८८-८९ टक्के. एकदा झालं, म्हटलं लॅबची चूक असेल. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आमचे मॅनेजर सर केबिनमधून बाहेर आले, बीएमआर (बॅचची नोंदवही) चाळला आणि म्हणाले, "ब्लेंडिंग कमी पडतंय. अजून १० मिनिटं फिरवा."

मी म्हटलं सर, ब्लेंडरमधला माल तर पास आहे, मग कमी कुठे पडतंय? तर म्हणाले, जास्त फिरवल्याने काही बिघडत नाही.

बिघडतं. त्या १० मिनिटांच्या आधीच मॅग्नेशियम स्टिअरेट आत पडलेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे लुब्रिकंट, गोळी डायला, म्हणजे साच्याला, चिकटू नये म्हणून घालतात. अर्धा-एक टक्का, सगळ्यात शेवटी, तीन ते पाच मिनिटं, बस. त्याहून जास्त फिरवलं की ते प्रत्येक दाण्यावर मेणासारखं पसरत जातं, मग दाब दिला तरी दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि पोटात गेल्यावर पाणीही लवकर आत शिरत नाही. तसंच झालं. हार्डनेस ६ वरून साडेतीनवर आला, गोळीच्या कडा बोटाने झडायला लागल्या, डिसोल्यूशन (गोळी विरघळण्याची टेस्ट) खाली बसलं. आणि शेवटच्या डब्यात औषध? ८९ टक्के. जिथल्या तिथे. म्हणजे आधी एका टेस्टमध्ये फेल होतो, आता तिन्हींत फेल. आणि मेमो कोणाला, तर "ब्लेंडिंग प्रक्रियेवर देखरेख अपुरी" असं लिहून मला.

आता खरी गंमत. आमच्याकडे कुडाळचा एक ऑपरेटर होता, आठवी का नववी शिकलेला. नाइटला दोघंच होतो, तो मला म्हणाला, "सायबानू, मशीन फिरता तां बरा फिरता, पन खाली पडताना काय होता तां बगा." आणि बिनचं झाकण काढून बॅटरी मारली. आत मालाचा ढीग, शंकूसारखा. त्याने ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने मधली चिमूट घेतली आणि कडेची एक घेतली, दोन्ही माझ्यासमोर चोळल्या. मधली बोटाला पिठासारखी चिकटून बसली, झटकली तरी जाईना. कडेची साखरेसारखी करकरीत, सगळी गळून पडली. मशीन, मिनिटं, आरएसडी, सगळं तिथेच मिटलं माझ्यापुरतं.

तुमच्या शेडचं बांधकाम चालू असेल तर डंपरने खडी ओतताना बघा. मोठे दगड घरंगळत ढिगाच्या पायथ्याला जातात, भुकटी मध्ये राहते. बिनमध्ये तेच. आणि आमच्या बिनचा खालचा निमुळता भाग पसरट होता, त्यामुळे माल काढताना आधी मधली चिमणी रिकामी व्हायची आणि कडेचा माल सगळ्यात शेवटी यायचा. म्हणजे पिठूळ माल पहिल्या गोळ्यांत, करकरीत माल शेवटच्या गोळ्यांत. पुढच्या बॅचला मी दर अर्ध्या तासाला मशीनवरून गोळ्या काढल्या, पाकिटांवर वेळ लिहिली, लॅबमधल्या मित्राला हातापाया पडून तपासायला लावल्या. सुरुवात १०६, मग १०२, मग १००-९९ वर बराच वेळ, आणि शेवटी घसरत घसरत ८८. इतकं स्वच्छ की शाळेतल्या मुलाला आलेख काढायला द्यावा.

सरांनी ती पाकिटं बघितली आणि विचारलं, "हे सॅम्पलिंग कोणाच्या परवानगीने केलंत?"

ब्लेंडरमधले सॅम्पल पास का व्हायचे हेही सांगतो. एकतर माल तिथे खरोखरच मिक्स झालेला होता. पण दुसरं, सर सॅम्पल काढायला लावायचे ५ ग्रॅम. माल काढायच्या त्या नळीला इंग्रजीत चोर म्हणतात, थीफ, आणि नाव बरोबर ठेवलंय, ती आत जातानाच वरचा माल खाली ओढत नेते. ५ ग्रॅम म्हणजे ३३ गोळ्यांचा माल. ३३ गोळ्यांची सरासरी चांगलीच येणार हो! पेशंट ३३ गोळ्यांचं कूट करून त्यातली चिमूट खात नाही, तो एक गोळी खातो. १९९३ साली अमेरिकेत सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज हा खटला झाला त्यात हाच मुद्दा होता, सॅम्पल गोळीच्या मापाचा हवा, फार तर तिप्पट, असं न्यायाधीशांनी सांगितलं. हे मी मीटिंगमध्ये बोललो होतो. मीटिंगच्या नोंदीत आलं नाही.

आणि "जास्त फिरवलं की जास्त मिक्स" ह्याचं उत्तर तर १९३९ सालीच जपानच्या ओयामा ह्या संशोधकांनी देऊन ठेवलंय. आडव्या ड्रममध्ये दोन साइजचे दाणे घालून फिरवत राहिलं तर ते मिक्स न होता पट्टे पट्टे होऊन वेगळे होतात. फिरवल्यामुळेच वेगळे होतात! सारख्या साइजचा माल असेल तर ठराविक फेऱ्यांनंतर मिक्सिंग जिथे आहे तिथे थांबतं, पुढचे तास फुकट वीज. वेगवेगळ्या साइजचा असेल तर आधी सुधारतं आणि मग परत बिघडूही शकतं. म्हणून मिनिटं हा आकडा कोणी फोनवर सांगत असेल तर तो सेल्समन आहे असं समजा.

शेवटी काय झालं, तर आठ-नऊ महिन्यांनी बिन ब्लेंडर आला. म्हणजे बिनच फ्रेममध्ये अडकवून फिरवायचा आणि तोच बिन निमुळतं तोंड खाली करून थेट कॉम्प्रेशनला लावायचा, मध्ये ओतणं नाही, ढीग नाही. निमुळता भागही चांगला उभा घेतला. प्रॉब्लेम गेला. वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशन सरांनी दिलं, माझा आलेख त्यात होता, रंग बदललेला. ऑपरेटरचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या मूळ रिपोर्टमध्येही नव्हतं म्हणा, तेव्हा सुचलं नाही.

बरं, तुमचं.

मशीन किलोत मागू नका, लिटरमध्ये मागा. तुमचा माल बादलीत मोजून बघा, डीसीपी-चुनखडीचं मिक्श्चर लिटरला साधारण किलोच्या आसपास बसेल. ३०० किलो म्हणजे तीनशे-सव्वातीनशे लिटर माल, आणि रिबन साठ टक्के भरायचा म्हणजे निदान ५०० लिटरचं मशीन. सप्लायर "३०० किलो कपॅसिटी" म्हणून ३५० लिटरचं गळ्यात मारेल, त्यात माल रिबनच्या वर जाईल आणि वरचा थर तसाच स्वारी करत बसेल. उलट अर्धी बॅचही करू नका, रिबनला धरायला माल हवा.

रिबनचा दोष म्हणजे पट्टी आणि कुंडाच्या मधली फट, आणि डिस्चार्ज व्हॉल्व्हचं नळकांडं. तिथला माल हलतच नाही. आधी पाच मिनिटं फिरवा, मशीन बंद करा, खालून दहा किलो काढा आणि परत वरून टाका, मग पुढचं फिरवा. मेन स्विच काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो, रिबन हात तोडतो.

मिनिटं तुम्हीच काढायची. ५, १०, १५ मिनिटांना थांबवून दहा दहा सॅम्पल, आणि मग बॅगा भरल्यावर पहिल्या, मधल्या, शेवटच्या बॅगांतून परत दहा. हे दुसरे दहा खरे. मिठाचा फॉर्म्युला असेल तर क्लोराइड तपासून घ्या, स्वस्तात होतं. खाद्यवाले सीव्ही (आरएसडीचंच दुसरं नाव) दहाच्या आत आला की खूश असतात. पण लक्षात घ्या, मीठ पास म्हणजे कोबाल्ट पास असं नाही. कोबाल्ट सल्फेट ३०० किलोला शे-दोनशे ग्रॅमच येईल, ते थेट रिबनमध्ये टाकलं तर देवच जाणे कुठल्या बॅगेत जाईल. ते आधी तेवढ्याच चुनखडीत मिसळा, मग त्याच्या दुप्पट, मग चौपट, असं करत दहा-पंधरा किलोचं प्रीमिक्स करा आणि ते रिबनमध्ये मधल्या भागात टाका. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) खडे दळून चाळून घ्या, बाकी मालाच्या साइजला आणा, साइज जुळली की निम्मं भांडण मिटतं. आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडाइड वापरणार असाल तर मोरचुदाबरोबर ते टिकत नाही, आयोडीन उडून जातं, आयोडेट घ्या. आयएस १६६४ हे मिनरल मिक्श्चरचं भारतीय मानक बघा, आकडे त्यात आहेत.

आणि रिबनमधून उंचावरून बॅगेत सोडू नका. पायमोज्यासारखी कापडी नळी लावा, बॅगेच्या तळापर्यंत. ट्रॉलीत ओतून, मग फावड्याने बॅगा भरणार असाल तर हे सगळं वाचलंच नाही असं समजा.

डबल कोन वाईट नाही हं, तसं वाटायला नको. सुटा, नाजूक, न चिकटणारा माल असेल तर तोच बरा, धुवायलाही सोपा. फक्त गुठळ्या फोडत नाही, आणि पावसाळ्यात तुमच्या मालाला गुठळ्या होणारच. आमचा ब्लेंडरही निर्दोष होता हे तर मी मघापासून सांगतोय. सर आता कन्सल्टंट झालेत, गेल्या वर्षी एका लग्नात भेटले, तर चार लोकांत म्हणाले की "ती बॅच आठवते? ब्लेंडिंग टाइम कमी होता." जेवणाच्या रांगेत काय बोलणार. सर, इथे असाल तर सांगतो, टाइम वाढवल्यावरही ८९ च आलं होतं, पाकिटं माझ्याकडे आहेत.

एक राहिलं. हे मिक्श्चर मेंढ्यांना विकू नका, त्यांना तांबं सोसत नाही. बॅगेवर तसं छापा.