एमआरआय नॉर्मल आला, मग हे कशामुळे?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. नावाने हाक मारली तरी तो बघत नाही, खेळण्यातल्या गाडीची चाके तासन्‌तास फिरवत बसतो, जाहिरातींतली वाक्ये जशीच्या तशी म्हणतो आणि कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळतो. डॉक्टरांनी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान केले आहे. मेंदूचा एमआरआय मात्र नॉर्मल आला. तो सहा महिन्यांचा असताना मी नोकरीवर परत रुजू झाले, म्हणून तो असा झाला, असे सासूबाई म्हणतात. त्यात तथ्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही, आणि नॉर्मल एमआरआयचा अर्थ मेंदूत काही वेगळे नाही असाही होत नाही. त्या चित्रात गाठ, रक्तस्राव, रचनेतील ठळक व्यंग अशा गोष्टी दिसतात. स्वमग्नतेतील फरक बहुतांशी चेतापेशींच्या परस्परांतील जोडण्यांत असतो, आणि अशी एक जोडणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी सूक्ष्म असते. म्हणूनच हे निदान मुलाच्या वागण्याचे निरीक्षण करून आणि पालकांशी सविस्तर बोलून केले जाते. एमआरआय सांगितला जातो तो झटके (फिट) किंवा इतर मज्जाविकाराची शंका असल्यास.

लहानपणी प्रत्येक मेंदू गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार करतो आणि पुढे त्यांतल्या बऱ्याचशा छाटून टाकतो. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंच्या मरणोत्तर तपासणीत काही ठिकाणी ही छाटणी अपुरी झालेली आढळली आहे. डोक्याच्या मागच्या भागातील ‘लहान मेंदू’त असणाऱ्या पुर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींची संख्या कमी असल्याचीही निरीक्षणे आहेत. प्रत्येक मुलात हे सगळे असेलच असे नाही; एका नावाखाली अनेक प्रकारच्या जडणघडणी येतात, असेच म्हणणे रास्त ठरेल.

कुकरच्या शिट्टीचेच पाहा. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की आपला मेंदू त्याची दखल घेणे कमी करतो, म्हणून तिसऱ्या शिट्टीला आपण मानही वर करत नाही. संवेदना तीव्रतेने जाणवणाऱ्या स्वमग्न मुलांमध्ये श्रवणाची केंद्रे आणि भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग अशा आवाजाला लवकर सरावत नाहीत, त्यामुळे तिसरी शिट्टीही पहिलीइतकीच अंगावर येते. त्याचे किंचाळणे हट्ट नव्हे. शिट्टी होण्याआधी त्याला सांगावे, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत न्यावे.

आईवर ठपका ठेवण्याची खोड केवळ घरातल्यांचीच नाही; शिकल्यासवरल्या तज्ज्ञांनीही ती जोपासली. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेच्या 11 मुलांचे वर्णन करताना ही उणीव जन्मजात असल्याचे लिहिले होते, तरीही पुढची दोन-अडीच दशके आईच्या थंडपणालाच दोष दिला गेला. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर या संशोधकांनी 1977 मध्ये जुळ्या मुलांच्या 21 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एकरूप, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चारमध्ये दोघेही स्वमग्न होते, तर भिन्नरूप जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकातही तसे नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे त्यानंतरच्या संशोधनाने पक्के केले. या जडणघडणीची सुरुवात गर्भातच होते, म्हणजे तुम्ही नोकरीवर परतण्याच्या कितीतरी आधी.

हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी झालेली असणे आवश्यक असते. ती राहिली असेल तर आधी करून घ्या. मात्र त्यासाठी वाचा-उपचार (स्पीच थेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करणे लांबवू नका.